पट १४, वर्ग पाच, गुरुजी एक: वाडीवरच्या शाळेचं काय करायचं?

साकव (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट यंदा १४ वर आला. तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, शाळेत एकच शिक्षक आहेत आणि माझ्या लिहिण्याचा ताप त्यांना नको. पहिली ते पाचवी, खोल्या दोन. दुसरे गुरुजी होते ते आंतरजिल्हा बदलीत आपल्या गावाकडे गेले, त्यांची जागा अजून रिकामी. आता वाडीत बोललं जातंय की पुढच्या वर्षी ही शाळा खालच्या गावठाणातल्या शाळेत 'विलीन' होणार. कागद कुणीच पाहिलेला नाही, पण असल्या बातम्यांना कागद लागतो कुठे.

गावठाण लांब नाही, पण मध्ये पऱ्या (ओढा) आहे. जून ते सप्टेंबर त्याला पाणी असतं तेव्हा लाकडी साकवावरून मोठी माणसंही जपून जातात. पहिलीतलं पोर दप्तर घेऊन तिथून एकटं जाईल हे मला पटत नाही. पाऊस सरला की काही प्रश्न नाही, चालत जातील.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, मुलगी याच शाळेत तिसरीत आहे. तरी मला इथे 'मराठी शाळा वाचवा' म्हणून गळा काढायचा नाही. मला आधी हे समजून घ्यायचंय की या चौदा पोरांना शिकायला मिळतंय का. म्हणून सुट्टीत ओटीवर पोरं जमली होती तेव्हा सहज बघितलं. चौथीतल्या एकाला ५२ वजा २७ घातलं. त्याने न अडखळता ३५ लिहिलं. दोनातून सात जात नाहीत, मग पठ्ठ्याने सातातून दोन घालवले! हातचा घेणं म्हणजे काय ते त्याला कुणी दाखवलेलंच नाही, किंवा दाखवलं तेव्हा गुरुजी पलीकडच्या खोलीत पहिलीला अक्षरं गिरवून घेत असतील.

शेजारचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅनने जातो, तोही तिसरीत. त्याने इंग्रजी पुस्तकातला धडा धडाधडा म्हणून दाखवला. घरचे कौतुकाने बघत होते. मी चित्रावर हात ठेवला आणि मधलंच एक वाक्य दाखवलं, तर गाडी थांबली. त्याच्याकडून मराठीही वाचून घेतलं, तिथे जोडाक्षर आलं की अडला. म्हणजे व्हॅनचे पैसे भरूनही घोडं तिथेच. तुमच्या भागात काय चाललंय ते लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत.

घाटमाथा

साकव, राग मानू नका, पण १४ पटाची शाळा चालवणं म्हणजे शिक्षण नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळेचा, म्हणजे लहान शाळा मिळून एक मोठी करण्याचा, विषय निघाला तेव्हाचा आकडा बघा. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यात मुलं १,८५,४६७. सरासरी काढा, शाळेमागे साडेबारा पोरं. त्यांना ना खेळायला जोडीदार, ना स्नेहसंमेलन, ना विषयाला वेगळा शिक्षक. पाचवीत एकटीच मुलगी असेल तर ती कुणाशी स्पर्धा करणार? पानशेत आणि तोरणमाळला एकत्र शाळा करून दाखवली आहे. गाडी द्या, एक चांगली शाळा द्या, विषय संपला.

फणसगरा

गाडी द्या म्हणे. आमच्या वाडीत रस्ता आहे तो डांबराच्या आठवणीवर आहे.

नि_मास्तर

घाटमाथा, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, पण पट कमी म्हणून शिक्षण होत नाही हे मी मान्य करणार नाही. माझी उभी नोकरी एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांत गेली. चौदा पोरं ही शिक्षकासाठी चैन आहे. प्रत्येकाचं अक्षर, प्रत्येकाचं घर माहीत असतं. अडचण पटाची नसते, वर्गांची असते. पाच इयत्ता म्हणून पाच वेगळे धडे पाच वेळा शिकवायला गेलात तर मेलात.

बहुवर्ग शिकवण्याची रीत वेगळी आहे. मी दोनच गट करायचो, पहिली-दुसरीचा एक आणि तिसरी ते पाचवीचा एक. विषय सगळ्यांना एकच, काठिण्य वेगळं. वजाबाकी घेतली तर पहिलीला चिंचोके, तिसरीला दशकाचे गठ्ठे सोडवणं, पाचवीला दुकानाची उधारी. साकव यांच्या त्या चौथीतल्या पोराला काड्यांचा दहाचा गठ्ठा स्वतःच्या हाताने सोडायला लावा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, त्यातल्या सत्तावीस द्यायच्या. गठ्ठा सुटला की हातचा समजतो, फळ्यावर शंभर उदाहरणं करून समजत नाही.

वाचन कधी पाठ्यपुस्तकावर तपासू नका. पुस्तक पोरांचं पाठ असतं, तेही मोठ्या भावंडांकडून ऐकून. बिस्किटाच्या पुड्याचा कागद, खताच्या पिशवीवरची सूचना, लग्नपत्रिका असलं काहीतरी द्या. इंग्रजी शाळेच्या त्या मुलाचं जे झालं ते झेडपीतही होतं, फक्त तिथे कुणी कौतुकाने बघत नाही.

कातळसडा

मास्तर, मग ज्ञानरचनावादाचं, मूल स्वतः करून शिकतं त्या पद्धतीचं, काय झालं? आमच्या शाळेच्या फरशीवर अजून वर्तुळं रंगवलेली आहेत.

नि_मास्तर

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (शाळांच्या गटात) प्रतिभा भराडे विस्तार अधिकारी होत्या, त्यांनी आणि तिथल्या शिक्षकांनी ते मनापासून उभं केलं होतं. राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. पुढे २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि सगळीकडे रंगाचे डबे निघाले. कुमठ्यात मूल फरशीवर बसून काय करतंय ते बघायला शिक्षकाला वेळ होता आणि वरिष्ठ पाठीशी होते. बाकीच्यांनी फरशी तेवढी उचलली. फोटो पाठवले, विषय बंद.

कोकणची_लेक

मी त्या व्हॅनवाल्या पालकांपैकी आहे, म्हणून माझंही ऐका. आम्हाला इंग्रजीचं वेड लागलंय असं इथे सारखं लिहिलं जातं. खरं कारण सांगते. मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा वाडीत त्याला पाठवायला अंगणवाडी होती. सेविका भली बाई, पण तिच्याकडे पोषण आहार, वजनं, लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, मोबाइलवर माहिती भरणं. शिकवायला उरतं काय? झेडपीत प्रवेश थेट पहिलीला, सहाव्या वर्षी. इंग्रजी शाळेने तेव्हाच छोट्या गटात घेतला, युनिफॉर्म दिला, दारात गाडी आणली. तीन वर्षं तो तिथे रुळल्यावर पहिलीसाठी काढून परत वाडीच्या शाळेत कशी आणू? मैत्र तिथलं, बाई तिथली.

गुरुजी एप्रिल-मेमध्ये दारोदार फिरतात पट वाढवायला. बरं वाटतं बघून आणि वाईटही वाटतं. ते तीन वर्षं उशिरा येतात. त्यात त्यांचा दोष नाही, अंगणवाडी खातं वेगळं, शाळेचं खातं वेगळं.

साकव

ताई, हे मी कधी या बाजूने बघितलं नव्हतं. आमच्या शाळेला लागूनच अंगणवाडी आहे, मध्ये एक गडगा, दगडी बांध.

झेडपीची_बाई

शेजारच्या जिल्ह्यात एकशिक्षकी शाळेवर आहे. नाव-गाव विचारू नका.

आमचा दिवस सांगते. परिपाठ झाला की हजेरी, ती आधी वहीत मग ऑनलाइन. आहाराची माहिती त्याच दिवशी ॲपवर. तांदूळ माणशी १०० ग्रॅम प्रमाणे मोजून द्यायचा, साठा नोंदवही लिहायची, शिजल्यावर चाखून चव रजिस्टरला सही. शिजवणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजार मानधन, तेही वेळेवर येत नाही. त्या एक दिवस आल्या नाहीत तर खिचडी कोण ढवळणार ते ओळखा. युडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदीत, प्रत्येक मुलाची माहिती, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळलं पाहिजे. 'सार्थक'चं 'सार्थ' झालं असेल तर पालकाला तालुक्याला पाठवा. निवडणूक आली की बीएलओ, म्हणजे मतदार याद्यांचं काम. त्यावर कायद्याचा आधारही घेता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं वगळलेलीच आहेत. बाकीची कामं मात्र कुठल्या कलमात बसतात ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते, प्रशिक्षणं असतात. मी गेले की शाळा कुणी बघायची? शेजारच्या शाळेतून कुणी कामगिरीवर आलं तर ठीक, तेव्हा त्यांची शाळा उघडी पडते. सलग दोन तास फळ्यासमोर मिळाले असा दिवस आला की मला सण वाटतो. मास्तरांची गठ्ठ्यांची रीत मलाही येते हो, पण ती करायला समोर बसावं लागतं.

त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचं, नाहीतर घरी. माझी नेमणूक टीईटी सुरू होण्याच्या आधीची. संध्याकाळी मुलांच्या वह्यांऐवजी मी बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवतेय.

घाटमाथा

बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण सगळे तुमच्यासारखे नाहीत. मुख्यालयी राहायचं म्हणून घरभाडे भत्ता घ्यायचा आणि तालुक्याहून मोटरसायकलने यायचं, हेही आहेच. २०२२ मध्ये यावरून केवढा गदारोळ झाला होता.

झेडपीची_बाई

आहे, नाकारत नाही. वाडीत भाड्याने मिळणारी एक खोली दाखवा, जिथे संडास आहे आणि एकट्या बाईने राहिलं तर गावात चर्चा होणार नाही. मी राहीन.

डीएड_पदविका

बदल्यांचा मुद्दा कुणीच नीट काढला नाही म्हणून लिहितो. मी याच जिल्ह्यातला, पदविका घेतली, टीईटी पास. २०१२ पासून भरती जवळजवळ बंद. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली २०१७ च्या डिसेंबरात, त्यानंतर थेट २०२३ मध्ये. भरती पवित्र पोर्टलवरून राज्याच्या गुणवत्तेनुसार. कोकणात जागा भरपूर, म्हणून राज्यभरातली पोरं प्राधान्यक्रमात कोकण टाकतात. नोकरी लागते, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६ हजारावर काढतात, मग कायम होतात आणि बदलीचा अर्ज. त्यांना का दोष द्यायचा? आईबाप तिकडे, बायको तिकडे. २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून असे शिक्षक शेकड्यांनी गेले आणि कितीतरी शाळा शून्यशिक्षकी झाल्या.

पोरं पहिलीत येतात तेव्हा घरची बोली बोलतात. 'खंय', 'कवा' ऐकून मराठवाड्यातला नवा शिक्षक गांगरतो, आणि त्याची बोली ऐकून पोरं. वर्षभराने दोघांची गट्टी जमते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो जातो. स्थानिक उमेदवारांना काही टक्के जागा ठेवा ही आमची मागणी जुनी आहे. गुणवत्तेवर अन्याय होईल म्हणतात. शाळेत माणूसच नसेल तर गुणवत्ता बाकावर बसून वाट बघणार काय?

रामफळ

हे सगळं सोडा, तिसऱ्या भाषेचं काय झालं ते बोला. पहिलीपासून हिंदी लादायला निघाले होते.

कातळसडा

रामफळ, १६ एप्रिल २०२५ चा तो निर्णय २९ जूनला मागे घेतला. त्यावर इथे वेगळे चार धागे आहेत, तिकडे जा. इथे पोराला पहिलीच भाषा वाचता येत नाही यावर चाललंय.

आकडेमोड

वाचनाचा विषय निघाला म्हणून थोडं लिहितो. 'असर'ची, म्हणजे ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची, पाहणी २००५ पासून होते. ती शाळेत होत नाही, मुलाच्या घरी जाऊन होते, त्यामुळे कुणाची शाळा कुठली याने फरक पडत नाही. अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीचा उतारा अशी शिडी असते आणि साकव यांनी केली तशीच हातच्याची वजाबाकी. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा आहे, आणि चौघांतला एकही पुरता वाचत नाही हेही आहे. निपुण भारतचं, म्हणजे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-मोजता यावं याचं, लक्ष्य २०२६-२७ चं आहे, म्हणजे तोंडावर.

खासगी शाळांचे आकडे वरचे दिसतात, पण तिथे कोण जातं ते बघा. शिकलेले आईबाप, घरात शिकवणारं कुणीतरी, वर शिकवणी. ते वजा केलं की शाळेचा स्वतःचा वाटा किती उरतो याबद्दल मला दाट शंका आहे.

आयोवाकर

मी मूळचा चिपळूणचा, सध्या आयोवातल्या एका ग्रामीण काउंटीत. मक्याची शेतं, मैलामैलावर एक घर. धागा वाचून चमत्कारिक वाटलं, कारण इथल्या शाळा मंडळाच्या बैठकीत हेच बोलणं चालतं, फक्त पऱ्याच्या जागी बर्फ.

अमेरिकेने विलीनीकरण फार मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. १९३९-४० मध्ये देशात १,१७,१०८ शालेय जिल्हे (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) होते, आता तेरा हजारांच्या घरात आहेत. एका खोलीच्या शाळा गेल्या, मोठ्या इमारती आल्या, प्रयोगशाळा आल्या. घाटमाथा यांना हे आवडेल. पण त्यासोबत पिवळी बस आली, तीही कायद्याने. या राज्यात लहान मुलांना एका फेरीत ६० मिनिटांपेक्षा जास्त बसमध्ये ठेवता येत नाही, मोठ्यांना ७५. बस आधी, शाळा बंद नंतर.

दुसरं असं की ज्या गावाची शाळा गेली त्या गावात पुढे किराणा दुकानही टिकत नाही. शाळेचा पैसा इथे बराचसा घरजमिनीच्या करातून येतो, तो गावाचाच, म्हणून लोक भांडतातही कडाडून. आता २०२३ पासून या राज्यात खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे सरकार वर्षाला साडेसात-आठ हजार डॉलर देतं. पण बऱ्याच ग्रामीण काउंटींत खासगी शाळाच नसते, मग तो पैसा शहराकडे जातो. पट कमी, पैसा कमी, विषय कमी, पट आणखी कमी. तुमच्याकडे व्हॅन, आमच्याकडे हे.

चाकरमानी_डोंबिवली

आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाने शाळेला गेल्या वर्षी टीव्ही दिला, पाण्याची टाकी बसवली, छपराची कौलं बदलली. आता कार्यकारिणीत विषय आहे की मंडळानेच एक स्थानिक डीएड मुलगी मानधनावर ठेवावी. महिन्याला सहा-सात हजार वर्गणीतून जमतील. साकव, तुमच्याकडेही मंडळ असेलच. गणपतीला येणारे शंभर चाकरमानी महिन्याला शंभर रुपये देऊ शकत नाहीत का?

डीएड_पदविका

सहा हजारात? माझ्या बहिणीला आंबा कारखान्यात त्याहून जास्त मिळतात, हंगाम असेपर्यंत.

घाटमाथा

आणि मंडळाने शिक्षक ठेवला की जिल्हा परिषद म्हणेल, तिथे चाललंय ना, मग आमचा शिक्षक दुसरीकडे देतो. तुम्ही सरकारची जागा स्वतःच्या खिशातून भरताय. शाळा बंद करा म्हणणारा मीसुद्धा हे म्हणतोय.

चाकरमानी_डोंबिवली

मग पोरांनी पुढच्या भरतीपर्यंत हातचा न शिकता बसायचं?

फणसगरा

पुण्याकडे बघा, वाबळेवाडीला बघायला माणसं येतात, खेडच्या जालिंदरनगरच्या शाळेला २०२५ मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये. झेडपीत होतं, करणारा पाहिजे.

नि_मास्तर

होतं. त्यांच्याबद्दल अभिमानच आहे. फक्त शिरूर-खेडच्या आजूबाजूला रांजणगाव-चाकणचे कारखाने आहेत, त्यांच्या सामाजिक निधीचं पाणी तिकडच्या शेतात सहज पोचतं. आमच्याकडे कारखाना म्हणजे काजू फोडायचा. आणि एका असामान्य माणसाच्या जोरावर चाललेली शाळा त्याची बदली झाल्यावर कशी चालते तेही बघावं लागतं. मला साधा माणूस साधी शाळा नीट चालवू शकेल अशी सोय हवी आहे. दोन शिक्षक, पाच वर्षं न हलणारे. बाकी काही नको.

झेडपीची_बाई

मास्तरांच्या 'दोन शिक्षक' वर थांबू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० पटापर्यंत दोन शिक्षक आहेत, त्यात वीसच्या आत एक असं कुठे लिहिलेलं नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवण्याच्या) निर्णयाने वीसच्या आतल्या शाळांचं गणित बदललं, त्यावरून शिक्षकांनी २५ सप्टेंबर २०२४ ला सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. लोकांना वाटलं पगारासाठी चाललंय. साकव, तुमच्या रिकाम्या जागेचं मूळ नुसत्या बदलीत नाही, इथेही शोधा. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या तारखेला तुमच्याकडे किती नावं आहेत, त्यावर पुढचं वर्ष ठरतं.

आकडेमोड

आणि विलीनीकरणाला उत्तर द्यायचं असेल तर भावनेवर नको. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हा नियम सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचं कुणी वाचत नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमावलीत लिहिलंय की दुर्गम भाग, दरडी, पूर, रस्ता नसणं किंवा घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत लहान मुलांना धोका असेल तर अंतराची मर्यादा कमी करून शाळा अशा ठिकाणी ठेवायची की तो धोका टळेल. तुमचा पऱ्या या वाक्यात बसतो. जुलैमध्ये पाणी असताना फोटो काढा, मोबाइलवर तारीख येईल असा.

साकव

सगळ्यांचे आभार, विशेषतः लेक ताईंचे आणि बाईंचे. काल समितीची बैठक झाली. घाटमाथांचा मुद्दाही मी तिथे मांडला, दोघातिघांना तो पटलाही. पाचवीचा वर्ग गावठाणात गेला तरी चालेल असं बहुतेकांचं मत पडलं. मोठी पोरं आहेत, चार जणी मिळून जातील. पहिली ते तिसरी मात्र पावसाळ्यात पऱ्यापलीकडे पाठवायला कुणी तयार नाही. चौथीवरून वाद झाला, तो तसाच राहिला.

अंगणवाडीच्या गडग्याला वाट पाडायची असं ठरलंय, म्हणजे सकाळी तासभर साडेतीन-चार वर्षांची पोरं शाळेच्या ओसरीवर बसतील आणि मंडळाच्या पैशातून कुणी मुलगी ठेवायची ती या लहानांसाठी. शिक्षकाच्या जागी नाही, म्हणजे घाटमाथा म्हणतात तसं सरकारला हात झटकता येणार नाहीत. सेविका ताई म्हणाल्या, सुपरवायझर मॅडमना विचारते. चौथीच्या त्या पोराला काड्यांचे गठ्ठे बांधून दिलेत, त्याने त्यांचं घर बांधलं.

आता दुसऱ्या शिक्षकासाठी आणि विलीनीकरणाविरुद्ध ठराव करायचा आहे. समितीच्या लेटरहेडवर लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा म्हणतो. कुणाकडे मसुदा आहे का?

झेडपीची_बाई

समितीच्या नावाने देऊ नका. समितीचा सचिव पदसिद्ध मुख्याध्यापक असतो, म्हणजे तुमचे एकटे गुरुजी. खाली सही त्यांची येणार आणि पहिला फोन त्यांनाच जाणार. १ मेच्या ग्रामसभेत घ्या. सूचक-अनुमोदक पालकच असू देत, इतिवृत्त ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) लिहील. विलीनीकरण आणि शिक्षकाची जागा हे दोन वेगळे ठराव करा, एकात घातलेत तर एकाला उत्तर देऊन दुसरं गिळतात. प्रत पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला, दोन्हीकडे आवक क्रमांक टाकून पोच घ्या. मसुदा व्यनि (खासगी निरोप) केलाय, त्यातलं माझ्या केंद्राचं नाव तेवढं काढून टाका.